तेल लावू नये

व्हर्लिन टोलेफ्सरुडच्या पिकअप ट्रकखाली तेलाचा पहिला डाग दिसला तेव्हा त्याने त्यावर पुठ्ठा टाकला. दुसरा डाग पडला तेव्हा मोठा पुठ्ठा टाकला. डिझेल ट्रक म्हटला की गळायचाच, गळायचा थांबला तरच काळजी, कारण मग आत काही उरलेलं नसतं, असं त्या गावचं मत होतं. व्हर्लिनचं मत गावापेक्षा कधी वेगळं नसे.

मग हीटरची हवा पायांवर यायची बंद झाली. बटण कुठेही फिरवा, हवा सगळी पुढच्या काचेवर. उणे वीस अंशांत व्हर्लिनची पावलं लाकडासारखी झालेली आणि काच मात्र उबेत. त्याने मोज्यांचा आणखी एक जोड चढवला. हाही त्याच्या लेखी दुरुस्तीचाच प्रकार होता.

गुरुवारी मात्र मोजे पुरेनात. बर्फावरचं खोपट ओढून आणायला तो तळ्यावर गेला, चारही चाकं चालवायचा दांडा ओढला, आणि ट्रकने दोनच चाकं चालवली. मागची चाकं जागच्या जागी भिंगरीसारखी फिरत राहिली. पुढची दोन त्यांच्याकडे, लग्नात आलेले दूरचे पाहुणे जेवणाच्या पंगतीकडे बघतात तशी, नुसती बघत होती.

मिनेसोटात तळी गोठली की माणसं प्लायवूडचं खोपट बर्फावर नेतात, त्याच्या जमिनीतून भोक पाडतात आणि माशांच्या निमित्ताने तीन महिने गप्प बसतात. मार्चच्या पहिल्या सोमवारी रात्री बाराच्या आत ते खोपट तळ्यावरून काढायचं असतं. नाही काढलं तर काय होतं, हे व्हर्लिनइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो परगण्याच्या कचेरीत कारकून होता आणि दरवर्षी साप्ताहिकात येणारी सूचना तोच लिही:

*खोपट न काढणाऱ्यांची नावे पुढील अंकात छापली जातील. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.*

शेवटचं वाक्य सात वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या अधिकारात घातलं होतं. आयुष्यात त्याने लिहिलेलं तेवढं एकच वाक्य लोकांना पाठ होतं. आणि लिटल स्पून तळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या खोपटावर नियमाप्रमाणे ठळक अक्षरांत नाव होतं: टोलेफ्सरुड.

पायरी १. काम सुरू करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे याची खात्री करा.

दोष व्हॅक्यूम पंपात होता. हा पंप इंजिनाच्या पुढच्या अंगाला, एका गिअरवर फिरतो आणि नळ्यांमधून हवा ओढून घेतो. त्या ओढीवर हीटरच्या झडपा हलतात आणि पुढची चाकं जोडली जातात. पंपाच्या शाफ्टवरचं सील झिजलं की तेल बाहेर येतं, हवा आत जाते, आणि कारकुनाची अब्रू मधल्यामध्ये लोंबकळते.

गावात मेकॅनिक एकच. तो मार्चमध्ये ॲरिझोनात उन्हात बसलेला असतो. त्याच्या गॅरेजच्या दारावर पाटी असते, ‘एप्रिलमध्ये बघू.’

व्हर्लिनने सीलचा संच मागवला. शुक्रवारी आला. जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर सगळं ठोकून बसवलेलं: दोन सीलं, एक रबरी कडं, पंप आणि इंजिन यांच्या सांध्यात बसणारं एक कागदी गॅस्केट आणि प्लास्टिकची एक टोपी. कार्डाच्या पाठीवर पायऱ्या छापलेल्या.

“दोन सीलं कशाला?” त्याच्या बायकोने, लव्हॉनने विचारलं.

“एक जास्तीचं.”

“म्हणजे एक बिघडणार हे त्यांना तिकडे बसून कळलं,” लव्हॉन म्हणाली आणि चर्चच्या जेवणासाठी बटाटे सोलायला निघून गेली.

पायरी २. गरज वाटल्यास जाणकाराची मदत घ्या.

ह्या पायरीवर व्हर्लिनचे दोन दिवस गेले.

जाणकार कुंपणापलीकडेच राहत होती. रोझान डिपाल्मा. न्यू जर्सीत शहराच्या बसगाड्यांची डिझेल इंजिनं सत्तावीस वर्षं उघडून निवृत्त झालेली, आणि दीड वर्षापूर्वी लेकीजवळ राहायला म्हणून इकडे आलेली. पहिल्या दिवसापासून ती साऱ्या गावाला अरेतुरे करत होती. गाव तिला जरा जपूनच होतं.

शुक्रवारी व्हर्लिनचे पाय ट्रकखालून बाहेर आलेले दिसले तशी ती कुंपणाशी आली.

“व्हॅक्यूम पंप ना? वासावरून कळलं. सील गेलंय. करून देऊ?”

“नाही नाही,” ट्रकखालून आवाज आला. “कशाला तुम्हाला त्रास.”

शनिवारी सकाळी ती पुन्हा आली. “नक्की? माझी हत्यारं गाडीतच आहेत.”

“छे हो, जमेल मला.”

“बरं,” रोझान म्हणाली. आणि गेली.

व्हर्लिन ट्रकखालून बाहेर आला आणि तिच्या बंद दाराकडे बघत उभा राहिला. बरं? हे कसलं ‘बरं’?

इथे त्या गावची रीत सांगितली पाहिजे. मदत म्हणा, कॉफी म्हणा, केकचा तुकडा म्हणा, पहिल्यांदा विचारलं की ‘नाही नाही’ म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगाच’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, तू एवढं म्हणतोस तर’ म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा माणूसघाणा. ही रीत कुठे लिहिलेली नाही, कारण ती लिहायची गरज पडेल असा माणूस गावात कधी आलाच नव्हता.

व्हर्लिन तिसऱ्या विचारण्याची वाट बघू लागला. कुंपणाशी जाऊन खोकला. पाना हातातून निसटू दिला. तो सिमेंटवर चांगला खणखणला.

रोझानची खिडकी उघडली. “पाय वाचला ना?”

“वाचला.”

खिडकी बंद झाली.

“हे तिसरं धरायचं का गं?” त्याने आत येऊन लव्हॉनला विचारलं.

“ते पायाबद्दल होतं, व्हर्लिन.”

पायरी ३. पंप इंजिनापासून अलग करा. (दोन नट. दुसरा नट सहज दिसत नाही.)

इतक्यात हार्लन बोमगार्ड आला. हार्लन हा व्हर्लिनचा चाळीस वर्षांचा मित्र. त्याला इंजिनातलं जेवढं कळत नव्हतं तेवढं तो सगळं सांगत असे.

“हात लावू का रे?”

“नको नको.”

“अरे, रिकामाच आहे मी.”

“कशाला उगाच तुझा शनिवार.”

“शनिवार काय, पुन्हा येतो. लावू ना हात?”

चार मिनिटांत तीन खेपा पूर्ण. आता व्हर्लिनच्या हातात काही राहिलं नाही. ज्या बाईला पंप कळत होता ती दोनदा विचारून घरी बसली होती, आणि ज्याला कळत नव्हता तो रीतसर तिसऱ्यांदा विचारून बाह्या सारत होता. “बरं, तू एवढं म्हणतोस तर,” व्हर्लिन म्हणाला. हे शब्द म्हणताना एखाद्याचा आवाज इतका पडलेला गावाने कधी ऐकला नसेल.

दुसरा नट खरोखरच दिसत नव्हता. तो बोटांनी शोधायचा, बोटांनीच त्यावर पाना बसवायचा, आणि पाव वळसा फिरला की पाना काढून पुन्हा पहिल्यापासून. हार्लनने टॉर्च धरला. हार्लनची टॉर्च धरण्याची पद्धत अशी, की तो ज्याच्याशी बोलत असे त्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडे. आणि तो सारखा बोलत होता.

“माझ्या मेव्हण्याने तर सिलिकॉन थापला होता नुसता.”

“मग?”

“मग काय, ट्रक विकला.”

दुपारी पंप बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ त्याला जोडलेल्या स्टिअरिंगच्या पंपातलं तेल आलं. ते पुठ्ठ्याच्या बाहेर पडलं.

पायरी ४. जुने गॅस्केट काढून नवे बसवा. गॅस्केट ओढू नका, वाकवू नका.

हार्लनने नवं गॅस्केट ओढलंही आणि वाकवलंही. टर्रकन आवाज झाला.

हार्लनने दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले.

“हे होणारच होतं,” हार्लन म्हणाला. “पातळ देतात हल्ली. थांब, मी कापतो एक. माझे वडील खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापायचे. ट्रॅक्टर तीस वर्षं चालला.” त्याने इकडेतिकडे पाहिलं, संचाचं कार्ड उचललं, बोटांनी चाचपलं. “हे बघ, पाहिजे तेवढंच जाड.”

“अरे, त्यावर पायऱ्या आहेत.”

“मी पाहिल्यात. चारपर्यंत आलोच आहोत. पुढचं काय, काढलं त्याच्या उलट लावायचं.”

त्याने पंपाचं तोंड कार्डावर ठेवलं, पेन्सिल फिरवली आणि लव्हॉनच्या शिवणाच्या कात्रीने एक सुबक कडं कापून काढलं. मधला गोल तुकडा त्याने शेगडीत टाकला. प्लास्टिकची टोपीसुद्धा टाकली, सीलाच्या आत अडकवलेलं नुसतं वेष्टन समजून.

पायरी ५. सी              र्ण              वे. ते

मोठं भोक पडलेल्या कार्डावर एवढंच उरलं.

पाचव्या पायरीत सील बसवायचं असणार, हे उघड होतं. सील कसं बसवतात हे कोणाही शहाण्या माणसाला ठाऊक असतं. व्हर्लिनने बोटावर भरपूर तेल घेतलं आणि सीलाच्या ओठावर, शाफ्टवर, आजूबाजूला प्रेमाने चोळलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण वर ठेवून हार्लनने हातोडीने सील ठोकलं. झाकण नेमकं त्याच मापाचं निघालं. हा योगायोग हार्लनने पुढचा तासभर स्वतःच्या हुशारीत जमा केला.

गिअर शाफ्टवर चढेना, तेव्हा तो तापवायचा ठरला. तापवायला घरात भट्टी एकच, लव्हॉनचा ओव्हन. त्यात वरच्या कप्प्यात चर्चच्या जेवणाचं बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे एका मोठ्या भांड्यात सगळं एकत्र भाजून करायचा तिकडचा पदार्थ, होतं. खालचा कप्पा मोकळा होता.

संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांनी ते हॉटडिश शेवटपर्यंत खाल्लं.

“वेगळं लागतंय,” पास्टरबाई म्हणाल्या.

“हो ना, वेगळंच,” त्यांच्या बाजूची म्हणाली.

त्या गावात ‘वेगळं’ यापेक्षा कडक शब्द कोणी कोणाच्या स्वयंपाकाला वापरलेला नाही. लव्हॉनने तो ऐकला. रविवारी सकाळी व्हर्लिनला दोन उकडलेली अंडी मिळाली आणि ती ज्या ताटलीत मिळाली त्या ताटलीवर आदल्या दिवशी गिअर ठेवलेला होता.

पायरी ९. इंजिन सुरू करून गळती तपासा.

(सहा ते आठ पायऱ्या काढलं त्याच्या उलट क्रमाने झाल्या. दिसत नसलेला नट उलट क्रमानेसुद्धा दिसला नाही.)

रविवारी दुपारी इंजिन सुरू झालं. दोघे गुडघ्यांवर बसले. एक मिनिट काही नाही. हार्लनने हात पुढे केला, व्हर्लिनने तो हातात घेतला, आणि दोघांच्या हातांच्या बरोबर मधोमध, वरून, एक थेंब पडला. मग दुसरा. मग मोजायचं कारण उरलं नाही.

“आधीपेक्षा पातळ धार आहे,” हार्लन म्हणाला.

परिशिष्ट: मुदतवाढीचा अर्ज

मुदतीच्या सोमवारी सकाळी आठ वाजता व्हर्लिन कचेरीत गेला. खोपटासाठी मुदतवाढ मागायचा एक अर्ज असतो. तो त्याने स्वतःच छापून घेतला होता. त्याने खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून अर्ज भरला, ‘कारण’ या रकान्यात ‘ट्रकमधील बिघाड’ असं लिहिलं, मग आत जाऊन खुर्चीवर बसला आणि अर्ज हातात घेतला.

त्याने तो नीट वाचला. अर्जदाराबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलं. सात वर्षांत बिघडलेला ट्रक, बाळंत झालेली सून, मेलेली सासू, असे अकरा अर्ज याच टेबलावर आले होते आणि अकराही अर्जांवर एकच शिक्का बसला होता. शेजारच्या टेबलावरची बाई त्याच्याकडे बघत होती.

त्याने शिक्का उचलला आणि अर्ज नामंजूर केला. मग दिवसाची रजा टाकली. ती मात्र मंजूर झाली.

पायरी २ (पुन्हा)

रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून त्याने बिस्किटांची ताटली घेतली आणि रोझानची बेल वाजवली.

“काय रे?”

“काही नाही. आज जरा ऊब आहे.”

“आहे.”

“परवा वाऱ्याने गार होतं.”

“होतं.”

“पण आणखी वाईट असू शकलं असतं.”

“असू शकलं असतं,” रोझान म्हणाली. “तुला काय पाहिजे?”

“मला? काही नाही. असंच.”

“बरं,” ती म्हणाली आणि दार लोटू लागली.

पुन्हा तेच ‘बरं’! त्या फटीत व्हर्लिनला साप्ताहिकाचा अंक दिसला, त्यात त्याचं नाव, त्याखाली त्याचंच वाक्य. त्याने ताटली फटीत घातली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत न उच्चारलेलं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

“मला मदत करा.”

कान इतके तापले की टोपी काढावीशी वाटली.

“चल,” रोझान म्हणाली आणि बूट चढवू लागली.

“एवढंच?”

“आणखी काय पाहिजे? मी शुक्रवारीच म्हटलं होतं. तू नाही म्हणालास.”

“दोनदाच म्हणालो.”

बुटाची नाडी तशीच राहिली. “दोनदा ‘नाही’ म्हणजे ‘नाही’ नाही?”

व्हर्लिनने तिला पहिली खेप, दुसरी खेप आणि तिसरी खेप समजावून सांगितली. सांगताना ते सगळं त्याला स्वतःलाच जरा वेगळं वाटलं. रोझान दाराच्या पायरीवर बसली.

“म्हणजे गेल्या दीड वर्षात मी ज्यांना ज्यांना कॉफीला बोलावलं, आणि जे ‘नको नको’ म्हणाले...”

“ते वाट बघतायत.”

“सगळे?”

“पास्टरबाई तर ख्रिसमसपासून.”

“मला वाटलं, मी कोणाला आवडतच नाही,” ती म्हणाली. मग नाडी करकचून बांधली. “चल. आधी तुझा पंप.”

पायरी ५ (पूर्ण)

दिसत नसलेला नट तिने न बघता काढला. अकराच्या आत पंप टेबलावर. तिने हार्लनचं गॅस्केट सुरीने अलगद सोडवलं, उजेडात धरलं आणि वाचू लागली.

“हे काय लिहिलंय?”

पुठ्ठ्याचं कडं तेलात भिजून मधासारखं पारदर्शक झालं होतं, पण अक्षरं शाबूत होती. व्हर्लिनने कार्ड आणलं आणि कडं भोकाच्या काठाला लावलं. मधला तुकडा शेगडीत गेला होता, तरी पुरेसं उरलं होतं.

“‘सील पूर्ण... कोरडे बसवावे. तेल... लावू नये.’”

दोन दिवस ती सूचना पंपाच्या आत, बरोबर जिथे पाहिजे तिथे, तेलात पोहत होती.

“हे सील कोरडंच लागतं,” रोझान म्हणाली. “शाफ्टवर आधी कोरडं घासून आपली जागा धरतं, मग राहतं. तेल लावलंस की ते जागाच धरत नाही. सोबत प्लास्टिकची टोपी असते, तिच्यावरून सरकवायचं. कुठाय?”

“जळाली.”

“कोणी जाळली?”

हार्लन तेवढ्यात फाटकातून आत येत होता. “हात लावू का?” त्याने विचारलं.

“नाही,” रोझान म्हणाली.

हार्लन हसून पुढच्या खेपेची तयारी करू लागला. “अरे, रिकामाच आहे मी.”

“नाही.”

“शनिवारी मीच...”

“हार्लन,” व्हर्लिन म्हणाला, “यांचं ‘नाही’ म्हणजे नाही.” हार्लनने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू शेजारणीचा एखादा असाध्य आजार त्याला कळला.

टोपीऐवजी रोझानने सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीची पातळ पट्टी गुंडाळून वापरली. शाफ्ट तीनदा पुसला. आपले हात पुसले. व्हर्लिनचे हात पुसायला लावून मग त्याला खिशात घालायला लावले. दुसरं सील कोरडं, सावकाश, चहूबाजूंनी सारखं आत गेलं. तुकडे झालेल्या गॅस्केटच्या जागी तिने आपल्या गाडीतल्या गॅस्केटच्या कागदातून नवं कापलं. गिअर तापवायला तिने तिच्या घरचा ओव्हन दिला. त्यात दुसरं काही नव्हतं.

तीन वाजता इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुठ्ठा कोरडा. व्हर्लिनने हीटरचं बटण फिरवलं आणि जानेवारीपासून पहिल्यांदा त्याच्या पायांवर ऊब आली. दोन जोड मोज्यांतून ती पोचायला वेळ लागला, पण पोचली.

कार्डावर नसलेली पायरी

साडेचारला तिघे तळ्यावर. बर्फावर घोट्याएवढं पाणी चढलं होतं आणि काठाशी बर्फ काळपट पडला होता. व्हर्लिनने दांडा ओढला. खालून खट्ट असा आवाज आला आणि पुढच्या चाकांनी कामाला हात लावला. साखळी ताठ झाली, खोपट एकदा कण्हलं, मग बर्फाने ते सोडलं. आडव्या टाकलेल्या फळ्यांवरून चढून टोलेफ्सरुड हे नाव जमिनीवर आलं.

व्हर्लिन खाली उतरला आणि त्याने टोपी काढली. हार्लनही उतरला, पण तो खोपटाकडे बघत नव्हता. तो तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकापलीकडे बघत होता. व्हर्लिनने तिकडे पाहिलं. देवदारांच्या आड आणखी एक खोपट उभं होतं. हिरवं. त्यावर ठळक अक्षरांत: बोमगार्ड.

“हार्लन! तुझं अजून आतच आहे?”

“हो, म्हणजे आहे तसं.”

“ओढलं का नाहीस?”

“माझ्या ट्रकचा क्लच जानेवारीतच गेला.”

“मग बोलायचं नाही?”

“तुझा ट्रक बिघडला होता. मी म्हटलं, तुला हात लावावा, दुरुस्त झाला की तू विचारशीलच.” हार्लनने बुटाने पाणी उडवलं. “नाही विचारलंस तरी काही नाही.”

काठाचा बर्फ कुठेतरी खोल आत गुरगुरला. व्हर्लिनला उद्या कचेरीत बसून साप्ताहिकाच्या यादीत लिहायचं नाव डोळ्यांसमोर आलं, मित्राचं.

“ओढून देऊ का?” तो म्हणाला.

“नाही नाही,” हार्लन म्हणाला. “तू दमलायस.”

“अरे, आत्ता होईल. देऊ ना?”

“कशाला उगाच. ट्रकला त्रास.”

ट्रकचं दार धाडकन लागलं. रोझान चालकाच्या जागेवर बसली होती. ट्रक दोघांच्या अंगावर पाणी उडवत टोकापलीकडे गेला, तिथे ती उतरली, साखळी अडकवली, पुन्हा चढली. चारही चाकं एकदम लागली. हिरवं खोपट डुलत, पाण्याच्या दोन लाटा कापत, त्यांच्या समोरून काठाकडे निघालं. त्याच्या धुराड्यावरचा कावळा उडाला नाही.

दोघे घोटाभर पाण्यात उभे राहून बघत होते.

“तू तिसऱ्यांदा विचारलंस का?” हार्लनने हळूच विचारलं.

“नाही. विचारणारच होतो.”

“मग विचार की.”

“हार्लन, तुझं खोपट ओढून देऊ का?”

खोपट फळ्यांवर चढलं, एकदा उजवीकडे कललं आणि जमिनीवर येऊन स्थिर झालं.

“बरं,” हार्लन म्हणाला, “तू एवढं म्हणतोस तर.”